‘मध्यम गळती’ एवढेच लिहून भागणार नाही : इको विभागांच्या प्रमुखांना खुले पत्र

प्रति,
रुग्णालयांतील हृदयरोग विभागांचे प्रमुख, इको कक्षांचे व्यवस्थापक आणि इकोच्या अहवालांवर सही करणारे डॉक्टर यांस,

स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात माझ्या थोरल्या बहिणीच्या जुन्या इकोचे (ध्वनिलहरींनी केलेल्या हृदयाच्या तपासणीचे) चित्रण मागण्यासाठी मी एका मोठ्या रुग्णालयात गेलो होतो. खिडकीमागच्या कर्मचाऱ्याने तिचा नोंदणी क्रमांक संगणकात घातला, थोडा वेळ पडद्याकडे पाहिले आणि काचेवर आतून चिकटवलेल्या सूचनेकडे बोट केले. अहवालावर सही झाल्यापासून इकोची हलती चित्रणे नव्वद दिवस ठेवली जातील, त्यानंतर केवळ लेखी अहवाल मिळेल, असा व्यवस्थापनाचा निर्णय त्या सूचनेत छापलेला होता. तो लेखी अहवाल माझ्याकडे आधीपासूनच आहे. हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या माइट्रल झडपेविषयी त्यात एकच ओळ आहे : ‘झडप जाडसर, मध्यम गळती, वर्षभराने फेरतपासणी.’

या एका ओळीवर विसंबून आम्ही चौदा महिने काढले. ताईला जिना चढताना धाप लागू लागली तेव्हाही वयामुळे होत असेल असे आम्ही म्हणालो, कारण गळती ‘मध्यम’ असल्याचे कागदावर लिहिलेले होते. पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांनी स्टेथोस्कोप छातीवर ठेवताच कपाळाला आठी घातली. त्यांनी साधा इको पुन्हा केला आणि दोन दिवसांनी अन्ननलिकेतून नळी घालून करतात तो इकोही केला. झडपेच्या मागच्या पाकळीच्या मधल्या भागाला धरून ठेवणारी एक दोरी तुटलेली होती आणि तो भाग दर ठोक्याला वरच्या कप्प्यात उलटा फडकत होता. गळती तीव्र होती. डावा खालचा कप्पा आकुंचनाच्या शेवटी ४३ मिलिमीटर भरला आणि ईएफ, म्हणजे त्या कप्प्यातून दर ठोक्याला बाहेर फेकल्या जाणाऱ्या रक्ताचे प्रमाण, ५६ टक्के आला. अशा प्रकारच्या गळतीत रुग्णाला काहीही त्रास नसला तरी हे माप ४० मिलिमीटरला पोहोचले किंवा ईएफ ६० टक्के वा त्याखाली आला की शस्त्रक्रियेचा सल्ला द्यावा, असे आपल्याच शास्त्राची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. ताईने या दोन्ही खुणा कधी ओलांडल्या हे आता कोणालाच सांगता येणार नाही. झडपेची दुरुस्ती झाली आणि गळती थांबली, परंतु स्नायूची ताकद पूर्ववत झालेली नाही.

दोरी पहिल्या तपासणीच्या वेळीच तुटलेली होती की नंतर तुटली, एवढेच मला पाहायचे होते. मला कोणावर खटला भरायचा नाही. नंतर तुटली असेल तर पहिल्या डॉक्टरांचा काहीच दोष नाही आणि तसे त्यांना कळवायला मला आनंदच झाला असता. पण ज्या पुराव्यावरून हे ठरले असते तो नियमाप्रमाणे पुसून टाकण्यात आला आहे. रुग्णालयाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण त्यानंतर ओळखीच्या आठ-दहा जणांचे निरनिराळ्या ठिकाणचे अहवाल मी मागून वाचले आणि त्यांतल्या बहुतेकांत झडपेच्या वाट्याला अशीच एखादी ओळ आलेली दिसली. म्हणून हे पत्र आपणा सर्वांना लिहीत आहे.

माझ्याविषयी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. मी डॉक्टर नाही. तीस वर्षे जमीन मोजणीचे काम केले. कोणत्या खुणेपासून, कोणत्या साधनाने आणि कोणत्या दिवशी मोजले हे लिहिल्याशिवाय आमच्या नकाशावर सही होत नाही, आणि वाद उभा राहिला तर मूळ टिपणे काढून पाहता येतात. मोजणाऱ्याच्या हेतूवर शंका म्हणून ही पद्धत पडलेली नाही. मोजणी चुकू शकते हे सर्वांना मान्य आहे म्हणून पडली आहे. इको हीसुद्धा मोजणीच आहे, आणि माझे सगळे म्हणणे त्या एका गोष्टीभोवती आहे.

हृदयाच्या इकोचा जन्मच माइट्रल झडपेच्या प्रश्नातून झाला, हे आपण जाणताच. इतर वाचकांसाठी ते थोडक्यात सांगतो. १९५०च्या सुमारास आकसलेली माइट्रल झडप शस्त्रक्रियेने मोकळी करता येऊ लागली होती, पण छाती उघडण्यापूर्वी झडप मुख्यतः आकसलेली आहे की मुख्यतः गळते आहे हे खात्रीने सांगणारे साधन नव्हते. गळणारी झडप आणखी मोकळी केली तर रुग्णाचे नुकसानच व्हायचे. स्वीडनमधील लुंड येथील डॉक्टर इंगे एडलर यांना हा प्रश्न सतावत होता. भौतिकशास्त्रज्ञ हेल्मुट हर्ट्झ यांनी माल्मो येथील जहाजबांधणी कारखान्यातून धातूतील दोष शोधण्याचे ध्वनिलहरींचे यंत्र उसने आणले आणि १९५३ साली या दोघांनी हृदयाच्या हालचालींचे पहिले आलेख नोंदवले. त्या आलेखांवर ठळकपणे हलणारी रेघ डाव्या वरच्या कप्प्याच्या भिंतीची आहे असे त्यांना सुरुवातीला वाटले. ती माइट्रल झडपेच्या पुढच्या पाकळीची असल्याचे पुढे लक्षात आले.  झडपेत बिघाड कोणत्या जातीचा आहे, हा एडलर यांचा प्रश्न होता. सत्तर वर्षांनंतर यंत्रे कितीतरी पटींनी सुधारली, आणि तरी माझ्या हातातला अहवाल त्याच प्रश्नाला उत्तर देत नाही.

माझी पहिली तक्रार हीच आहे. माइट्रल झडप म्हणजे केवळ दोन पाकळ्या नव्हेत. त्या ज्या कड्याला जोडलेल्या असतात ते कडे, त्यांना खालून ताणून धरणाऱ्या दोऱ्या, त्या दोऱ्या ज्यांतून निघतात ते दोन स्नायूंचे खुंट आणि ते खुंट ज्या भिंतीवर उभे असतात ती डाव्या खालच्या कप्प्याची भिंत, असा तो सगळा संच आहे आणि यांतले काहीही बिघडले तरी झडप गळते. पाकळी सैल होऊन वर फुगू शकते, दोरी तुटू शकते, संधिवाताच्या तापाने पाकळ्या जाड होऊन कडांना चिकटू शकतात, जंतुसंसर्गाने पाकळीला भोक पडू शकते. आणि कित्येकदा पाकळ्या धडधाकट असतात पण कप्पा पसरल्यामुळे त्या एकमेकींपर्यंत पोहोचत नाहीत. पडद्यावर या सगळ्यांची गळती सारख्याच रंगात दिसली तरी उपचार वेगवेगळे असतात. तुटलेल्या दोरीला शल्यचिकित्सक हवा. पसरलेल्या कप्प्याला आधी औषधे हवीत आणि झडपेचा विचार त्यानंतर. दोन्ही पाकळ्यांचे तीन-तीन भाग पाडून त्यांना ए-१ ते ए-३ (पुढची पाकळी) आणि पी-१ ते पी-३ (मागची पाकळी) अशी नावे देण्याची रीत आपल्याकडे रूढ आहे, कारण दुरुस्ती होईल की झडप बदलावी लागेल हे बऱ्याच अंशी बिघाड कुठे आहे त्यावर ठरते. ताईच्या दुसऱ्या अहवालात ‘पी-२, तुटलेली दोरी’ असे स्पष्ट लिहिले होते. पहिल्यात ‘जाडसर’ हा एक शब्द होता.

कोणत्या कोनातून पाहिले हेही लिहायला हवे. एके काळी अनेक निरोगी माणसांच्या माथी झडप फुगल्याचे निदान मारले गेले, कारण झडपेचे कडे सपाट आहे असे गृहीत धरले जात होते. ते घोड्याच्या खोगिरासारखे वर-खाली असते आणि त्यामुळे चार कप्पे दाखवणाऱ्या दृश्यात सरळ पाकळीही फुगलेली भासते, हे १९८०च्या दशकात दाखवून दिले गेले. तेव्हापासून छातीच्या हाडाशेजारून घेतलेल्या लांब छेदात पाकळी कड्याच्या रेषेपलीकडे २ मिलिमीटर किंवा अधिक गेली तरच ती फुगली असे धरतात. म्हणजे कोन बदलला तर निदान बदलते. मग कोनाची नोंद अहवालात का नसावी?

दुसरी तक्रार रंगांविषयी आहे आणि ती मला सर्वांत जवळून माहीत आहे, कारण पहिल्या तपासणीच्या वेळी मी पडद्यापाशी उभा होतो. खोलीत अंधार होता. ताई डाव्या कुशीवर वळून, डावा हात डोक्याखाली घेऊन पडली होती. छातीवरच्या जेलीने तिच्या अंगावर काटा आला होता. तंत्रज्ञ मुलगी एका हाताने प्रोब दाबून धरत होती, दुसऱ्या हाताने कळा फिरवत होती आणि मधून मधून ‘श्वास सोडा, धरा, तसाच धरा’ म्हणत होती. तिने रंग चालू केला तेव्हा वरच्या कप्प्यात एक निळा झोत उसळला, त्यात पिवळ्या-हिरव्या ठिणग्या होत्या. तो कप्प्याच्या मधोमध न जाता एका बाजूच्या भिंतीला लागून वर गेला आणि तिथेच वळला. ‘भिंतीला चिकटून चाललाय,’ असे ती स्वतःशीच म्हणाली, दोन वेळा प्रोब तिरका करून पाहिला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून पुढच्या दृश्याकडे वळली. मला तेव्हा त्या वाक्याचा अर्थ कळला नाही. भिंतीला घासत जाणारा झोत आपला जोर भिंतीपाशी गमावतो आणि तेवढीच गळती मधोमध झाली असती तर दिसली असती त्यापेक्षा बराच लहान दिसतो, हे मला नंतर समजले. शिवाय मागच्या पाकळीची दोरी तुटली की झोत पुढच्या बाजूला फेकला जातो, म्हणजे झोताची दिशा स्वतःच एक पुरावा असते. त्या मुलीने तो पाहिला होता आणि तोंडाने सांगितलाही होता. अहवालापर्यंत तो पोहोचला नाही, कारण अहवालाच्या साच्यात ‘नाही, सौम्य, मध्यम, तीव्र’ एवढेच चार पर्याय होते. रंगीत डागाच्या आकारावरून गळतीची प्रत, म्हणजे तीव्रतेची पायरी, ठरवू नये असे आपलीच मार्गदर्शक तत्त्वे बजावतात. यंत्रावरचा वेगाचा पट्टा किंवा रंगाची तीव्रता थोडी हलवली तरी तो डाग फुगतो नाहीतर आक्रसतो.

तिसरी तक्रार आकड्यांची आहे, आणि चित्रणे पुसण्याचा निर्णय मला का मान्य नाही हे तिच्यातून कळेल. गळतीचे छिद्र मोजण्याची आपली नेहमीची पद्धत अशी की झडपेकडे ओढल्या जाणाऱ्या रक्ताचा जो अर्धगोल रंगात दिसतो त्याची त्रिज्या मोजायची आणि तिच्या वर्गावरून प्रवाह काढायचा. समजा त्रिज्या ९ मिलिमीटर, तिथला वेग सेकंदाला ४० सेंटिमीटर आणि गळतीचा कमाल वेग सेकंदाला ५ मीटर आहे. छिद्र ०.४१ चौरस सेंटिमीटर येते, आणि ०.४० किंवा अधिक म्हणजे तीव्र. आता तीच त्रिज्या कोणी ८ मिलिमीटर धरली तर उत्तर ०.३२ येते, म्हणजे मध्यम. कर्सर १ मिलिमीटर अलीकडे थांबला की रुग्णाची प्रत बदलते आणि सल्लाही बदलतो. जिथे त्रिज्येचा वर्ग होतो तिथे त्रिज्येतली चूक जवळजवळ दुप्पट होऊन उत्तरात उतरते, हे मोजणीदाराला कोणी सांगावे लागत नाही. त्यात दोरी तुटलेल्या झडपेत हा अर्धगोल बहुधा नीट गोलही नसतो. म्हणूनच गळतीच्या मानेची (झोताच्या सर्वांत अरुंद जागेची) रुंदी, एका ठोक्याला उलट जाणारे रक्त, फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांमधला प्रवाह आणि दोन्ही डाव्या कप्प्यांचे आकार हे सगळे एकमेकांशी ताडून पाहायचे असते. ताईच्या पहिल्या अहवालात यांपैकी एकही आकडा नाही. आकडे नसतील तर निदान चित्रण हवे, म्हणजे दुसरा कोणीतरी मोजू शकेल. येथे दोन्ही नाहीत.

तपासणीच्या वेळचा रक्तदाब आणि नाडी न लिहिणे ही लहान वाटणारी पण खोड मोडावी अशी सवय आहे. दाब कमी असताना गळती कमी दिसते आणि गुंगीचे औषध दिलेल्या रुग्णात तर ती बऱ्याचदा उतरते. त्यामुळे अन्ननलिकेतून केलेल्या इकोत गळती ‘कमी’ आढळली या एका कारणाने निर्धास्त होऊ नये. नाडी अनियमित असेल तर एका ठोक्यावरचे माप पुरत नाही, अनेक ठोक्यांची सरासरी घ्यावी लागते.

ताईचा प्रश्न गळतीचा होता, पण मी वाचलेल्या अहवालांतले दोन आकसलेल्या झडपेचे होते आणि त्यांची गतही फारशी वेगळी नाही. निरोगी झडपेचे तोंड ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असते, १.५ किंवा त्याहून कमी झाले की ते तीव्र आकसणे मानतात. हे क्षेत्रफळ पाकळ्यांच्या अगदी टोकांशी छेद घेऊन मोजायचे असते, कारण झडप तिथे नरसाळ्यासारखी निमुळती झालेली असते आणि छेद जरा वर घेतला तर तोंड मोठे भासते. एका अहवालात क्षेत्रफळ होते, पण ते छेदावरून काढले की दाबाचा फरक निम्म्यावर उतरण्याच्या वेळेने २२० ला भागून, याचा पत्ता नव्हता. दुसऱ्यात झडपेच्या दोन बाजूंमधल्या दाबाचा फरक होता, पण नाडीचा वेग नव्हता; नाडी जलद झाली की हा फरक वाढतो, त्यामुळे तो एकटा आकडा निरुपयोगी ठरतो. फुग्याने झडप उघडता येईल का, हे पाकळ्यांची हालचाल, जाडी, त्यांतला चुना आणि खालच्या दोऱ्यांची स्थिती यांना प्रत्येकी १ ते ४ गुण देऊन ताडतात आणि बेरीज ८ पर्यंत असेल तर अनुकूल समजतात. ते गुण दोन्हींपैकी एकाही अहवालात नव्हते.

उलट बाजूचीही एक तक्रार नोंदवतो, नाहीतर पत्र एकांगी होईल. नखाएवढी गळती अनेक निरोगी माणसांत सापडते. तिच्यापुढे ‘सामान्यतः आढळते, चिंतेचे कारण नाही’ एवढे लिहिण्याचा आळस केल्यामुळे माझ्या ओळखीच्या एका तरुण मुलीने पोहणे सोडले आहे.

आपल्याला अडचणी नाहीत असे मी म्हणत नाही. हलती चित्रणे जागा खातात, त्यांच्या साठवणीला पैसा लागतो, आणि बाहेर बाकावर बसलेल्या माणसांची रांग संपत नाही. ताईची तपासणी ज्या मुलीने केली तिला एका रुग्णासाठी पंधरा मिनिटे ठरवून दिलेली होती; त्यातच नाव विचारणे, कपडे बदलणे आणि जेली पुसणेही आले. तिच्या जागी मी असतो तरी घड्याळाकडेच पाहिले असते. हा दोष तिचा नाही. वेळ ज्यांनी ठरवली आणि साचा ज्यांनी छापला त्यांना मी हे लिहीत आहे.

माझ्या मागण्या अशा आहेत :

१. इकोची हलती चित्रणे पुसण्याचा निर्णय मागे घ्यावा. झडपेचा आजार वर्षानुवर्षे चालतो आणि प्रत्येक नवी तपासणी जुनीशेजारी ठेवून पाहायची असते. चित्रणे ठेवणे खरोखरच शक्य नसेल तर ती पुसण्यापूर्वी रुग्णाला कळवून त्यांची नक्कल त्याच्या हाती द्यावी.

२. माइट्रल झडपेत सौम्यपेक्षा अधिक बिघाड दिसला तर तो कशामुळे आणि झडपेच्या कोणत्या भागात आहे हे अहवालात लिहावे. दिसले नसेल तर ‘नीट दिसले नाही’ असे लिहावे. त्यात कमीपणा नाही.

३. प्रतीच्या शब्दाशेजारी ज्या मापांवरून ती ठरवली ती मापे, मोजण्याची पद्धत, त्या वेळचा रक्तदाब, नाडीचा वेग आणि लय यांची नोंद असावी. आधीचा इको उपलब्ध असेल तर त्यातले कप्प्याचे माप आणि ईएफ नव्या आकड्यांशेजारी छापावेत.

४. झोत भिंतीला चिकटून जात असेल, मापे एकमेकांशी जुळत नसतील किंवा रुग्णाचा त्रास आणि अहवाल यांचा मेळ बसत नसेल, तर ‘मध्यम’ लिहून प्रकरण मिटवू नये. अन्ननलिकेतून इको करावा किंवा जिथे होतो तिथे पाठवावे.

५. झडपेच्या बिघाडासाठी पाठवलेल्या रुग्णाला वेगळा, अधिक वेळ द्यावा, आणि तपासणी करणाऱ्या तंत्रज्ञाचे निरीक्षण लिहिण्यासाठी अहवालात जागा ठेवून तिथे त्याचे किंवा तिचे नावही असावे.

यांतल्या कोणत्याही मागणीसाठी नवे यंत्र घ्यावे लागणार नाही. पाचवी सोडली तर बहुतेकांना लागणारा वेळही फारसा नाही, कारण मापे यंत्रात आधीच घेतलेली असतात. ती कागदावर उतरत नाहीत, इतकेच. एखादी मागणी अशक्य असेल तर का अशक्य आहे ते आपण जाहीरपणे सांगावे. मी ते समजून घेण्याचा प्रयत्न करीन आणि पटले तर ती मागणी सोडून देईन.

ताईची पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या इकोचे चित्रण आम्ही त्याच दिवशी मागून घेतले असून ते दोन ठिकाणी जपून ठेवले आहे. येताना त्याची नक्कल सोबत आणू. नवे चित्रण त्याच्या शेजारी लावून पाहावे आणि दोन्हींतली मापे एका कागदावर लिहून द्यावीत, एवढी विनंती आतापासूनच करून ठेवतो.

आपला विश्वासू,
एका रुग्णाचा धाकटा भाऊ